एका क्रमांकाची दोन बाळं

१

रक्त होतं, रक्ताचा रिपोर्टही होता. फक्त ज्या बाळाचं ते रक्त होतं, ते बाळ काही केल्या सापडत नव्हतं.

जयरामकाकांचा फोन आला तेव्हा पल्लवी ओमला तेल लावत होती. फोन खांद्यात धरून, एका हातानं निसटणारं पोर आवरत ती म्हणाली, "काका, पुन्हा सांगा. सावकाश."

काका सावकाश सांगणाऱ्यातले नव्हते. पंचवटीतल्या 'चिमणपाऊल' संस्थेचे ते व्यवस्थापक. संस्थेचं काम एकच, पण मोलाचं. खेड्यापाड्यांतल्या नवजात बाळांच्या टाचेला सुई टोचायची, रक्ताचे थेंब जाड कागदावर टिपायचे आणि थायरॉइड कमी तर नाही ना हे तपासायचं. कमी असेल तर रोज एक बारीकशी गोळी द्यायची, की मूल इतरांसारखं वाढतं. गोळी वेळेत मिळाली नाही तर मेंदूची वाढ खुंटते, आणि मग नंतर कितीही धावपळ केली तरी ती भरून निघत नाही.

चांदवड आणि नांदगावला संस्थेची केंद्रं होती. तिथली मुलगी पंचवटीतल्या मोठ्या मशिनला दुरून जोडून घ्यायची, बाळाची माहिती भरायची, आणि मशिन एक क्रमांक द्यायचं. रक्ताच्या कागदावर तेवढा क्रमांकच लिहायचा. नाव, गाव, फोन सगळं मशिनच्या पोटात.

"काल आमच्या इथे रिपोर्ट भरणाऱ्या मोहिनीच्या हाती एक वाईट रिपोर्ट आला," काका म्हणाले. "तिनं क्रमांक टाकला, तर निघाला नांदगावकडचा एक मुलगा. तिनं घाबरत त्याच्या आईला फोन केला. ती बाई म्हणते, माझा मुलगा आता पालथा पडून घरभर सरपटतोय, त्याचा रिपोर्ट उन्हाळ्यातच चांगला आला होता, आता कसला फोन करताय?"

"मग हे रक्त कुणाचं?"

"तेच तर विचारतोय! दोन्ही केंद्रांचे कागद एकाच डब्यातून येतात. बाळ चांदवडचं का नांदगावचं तेही कळेना. डॉक्टर म्हणतात, हातात फार तर आठवडा आहे. मोहिनी म्हणाली, माझी कॉलेजातली मैत्रीण हेच काम करायची, तिला विचारा."

करायची, हे खरं होतं. ओम व्हायच्या आधी पल्लवी एका कंपनीत दूरदूरच्या गावांतले डेटाबेस घरबसल्या सांभाळायची. आता इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये दुपट्यांच्या घड्या घालायची, आणि ओम झोपला की तो श्वास घेतोय ना हे त्याच्या नाकापाशी बोट धरून बघायची. सासूबाई हसायच्या, "अगं, घेतोय तो श्वास, तू घे आता." तरी ती बघायचीच.

आता कुठेतरी एक बाळ होतं आणि त्याच्या आईला बघायचं काय हेच ठाऊक नव्हतं.

"मला जोडणी द्या," पल्लवी म्हणाली. "आत्ता."

२

मयूरनं जोडणी दिली. मयूर म्हणजे संस्थेचा संगणकवाला, सातपूरला राहणारा, आणखी चार जणांची कामं धरलेला. "मॅडम, सिस्टीम एकदम ओके आहे," असं त्यानं आधीच बजावून ठेवलं.

आणि सिस्टीम खरंच ओके दिसत होती. ओमला मांडीवर थोपटत पल्लवीनं सगळं चाळून काढलं. तो क्रमांक नांदगावच्या मुलाचाच होता. नोंद अक्षय तृतीयेची. कुणी पुसल्याची, कुणी बदलल्याची खूण कुठेही नव्हती. एखाद्या नीटनेटक्या घरात चोरी झाल्याचं सांगावं आणि कुलूप-कडी जागच्या जागी असावी, तसं.

तिनं सगळ्यांना एकाच फोनवर घेतलं. काका, मयूर आणि चांदवडच्या केंद्रावरची ललिता.

"ललिता, तुला काही वेगळं जाणवलं का हल्ली?"

"जाणवलं ना ताई. मी मागंच सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाय," ललिता म्हणाली. आवाज दबलेला, पण शब्द ठाम. "मी बाळ भरते. सकाळी उघडते तर दिसतं. दुपारी बघावं तर गायब. परत कधीतरी दिसतं."

"बाळ आहे का चंद्र?" काका कडाडले. "कधी दिसतो, कधी नाही! पल्लवीताई, मी सांगतो काय झालंय ते. हिनं बाळ भरलंच नाही. विसरली. मग कागदावर मनानंच कुठलातरी जुना क्रमांक ठोकून दिला. आता अंगाशी आलं म्हणून हे दिसतं-नाही दिसतं."

"काका, मी असं कशाला करीन?"

"मग नांदगावची पोरगी का नाही तक्रार करत? तिच्याकडे पण हेच मशिन आहे की!"

ललिता म्हणाली, "ती एकदा भरलं का परत उघडून बघत नाय. माझ्याकडं बाया रोज विचारायला येतात, रिपोर्ट आला का, रिपोर्ट आला का. म्हणून मी परत परत उघडते."

पल्लवीला ते पटलं. जी पुन्हा पुन्हा बघते तिलाच दोष लागतो, हे तिला घरच्या घरी ठाऊक होतं.

"रेंजचा इश्यू आहे मॅडम," मयूर मध्येच म्हणाला. "चांदवडला नेट कसं असतं तुम्हाला माहितीये. हायवेला ट्रक गेला तरी हलतं."

"मयूर, नेट वाईट असेल तर काय होतं? उत्तर उशिरा येतं, तुटक येतं, नाहीतर येतच नाही. भलत्याच बाळाचं नाव येत नाही."



"मग कुणीतरी आत शिरलंय," मयूर म्हणाला. "धनराज. माझ्या आधी तो बघायचा. काकांशी भांडून गेला. त्याला सगळं ठाऊक आहे, पासवर्डसकट."

"हां, त्याचाही भरवसा नाही," काका म्हणाले. एका दमात दोघांवर संशय घ्यायला त्यांना काहीच अडचण नव्हती. "पण ललिता, ते बाळ नाही सापडलं तर सोमवारपासून तू येऊ नकोस."

"मला काढा काका," ललिता म्हणाली. "पण बाळ शोधा आधी."

३

दुपारी ओम नुकताच झोपला होता. पल्लवी पुढ्यातलं ताट तसंच ठेवून पुन्हा त्याच नोंदी बघत होती, तेवढ्यात ललिताचा फोन आला. ती जवळजवळ कुजबुजत होती, जणू मोठ्यानं बोललं तर काहीतरी उडून जाईल.

"ताई, मघाशी सगळं अडकलं होतं. मोहिनीताई म्हणाल्या, पंचवटीत लाइट गेली होती. आता परत जोडलं गेलं आणि... ताई, दिसतंय! तोच क्रमांक टाकला. मुलगा नाय. मुलगी हाय!"

पल्लवी उभीच राहिली. "वाच. सगळं वाच. नाव आधी."

"पान हळूहळू उघडतंय. मुलगी... जन्म दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा... केंद्र चांदवड... आईचं नाव..."

"काय आहे?"

"थांबा, येतंय... गेलं! ताई, तुटलं!"

"पुन्हा जोड."

की-बोर्डवर बोटं धडाधड पडत असल्याचं ऐकू येत होतं. 

"मुलगाच हाय परत," ललिता म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "मी खोटं नाय बोलत ताई. देवाशपथ."

"मला माहितीये. रडू नकोस, नीट आठव. ती मुलगी दिसत होती तेव्हा खाली एकूण बाळांचा आकडा येतो, तो पाहिलास?"

"पाहिला. म्हणून तर मला वाटलं काहीतरी चुकतंय. लय कमी होता. आणि त्याच्या आधी मी यादी उघडली होती ना, तर पावसाळ्यातलं एकही बाळ नव्हतं त्यात. उन्हाळ्यापर्यंतची सगळी होती, मग एकदम दसऱ्यानंतरची. मधली सगळी गायब."

पल्लवीच्या पडद्यावर मात्र, त्याच क्षणी, पावसाळ्यातली सगळी बाळं जागच्या जागी होती.

दोघींनी मशिनला हाक मारायचा पत्ता एकच होता. पासवर्ड एकच. विचारलेला प्रश्नही एकच. आणि उत्तरं दोन.

तिनं झोपलेल्या ओमला अलगद उचललं, पिशवीत दुपटी कोंबली आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, मी पंचवटीत जाऊन येते."

"त्याला कशाला नेतेस उन्हाचं?"

"राहू दे माझ्याजवळ," ती म्हणाली. आज तो नजरेआड नको होता.

४

रिक्षा भाजीबाजारापर्यंत आली आणि तिथून पुढे कोथिंबिरीच्या जुड्या आणि उभ्या स्कूटरी यांच्या मधून पायीच जावं लागलं. संस्थेचं ऑफिस गल्लीतल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. मोहिनी दारातच उभी होती. तिनं ओमला काढूनच घेतलं.

"अगं, ह्याच्या टाचेला मीच टोचलं होतं! केवढा झाला गं. तुला आठवतं, तू ह्याच्यापेक्षा मोठ्यानं रडली होतीस?"

"मला एक सांग," पल्लवी म्हणाली, कारण तिला ते चांगलंच आठवत होतं. "तू रोज इतके रिपोर्ट भरतेस. क्रमांक आणि बाळ जुळत नाही हे आधी कसं नाही लक्षात आलं?"

मोहिनीचा चेहरा पडला. "रिपोर्ट चांगला असेल तर यंत्र आपोआप भरतं. नाव मी उघडतच नाही. वाईट आला तरच उघडते, फोन करायला. आणि वाईट रिपोर्ट क्वचितच येतो."

"बरं. दसऱ्यापासून इथे काय बदललं? काहीही सांग, किरकोळ असलं तरी."

मोहिनीनं विचार केला. "काही नाही गं. हां, तो इन्व्हर्टर डोकं उठवतो. आधी लाइट गेली तरी निवांत चालायचा. आता थोड्या वेळात ओरडायला लागतो. मयूरला सांगितलं तर म्हणे बॅटरी म्हातारी झाली."

मयूरही आला होता, हातात हेल्मेट घेऊन. पल्लवीनं त्याला विचारलं, "मशिनच्या खोलीत तू शेवटचा कधी गेला होतास?"

"आत जायची गरजच पडत नाही मॅडम. मी सगळं घरून बघतो. नवरात्राच्या आधी गेलो असेन कधीतरी. किल्ली काकांकडे असते. रोज सकाळी तेच उघडतात, उदबत्ती लावतात."

"आत मशिनं किती आहेत?"

"एकच."

काका चहा घेऊन आले. पल्लवीनं कप हातात घेतला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "काका, दसऱ्याच्या सुमारास ऑफिसात काही नवीन आणलंत?"

"नवीन? छे! देणग्यांची काय अवस्था आहे तुम्हाला काय सांगू. नवीन पंखासुद्धा नाही आणला."

"नांदगावच्या त्या मुलाची नोंद अक्षय तृतीयेची आहे. तेव्हा?"

काकांचा चेहरा उजळला. "तेव्हा आणलं होतं की! नवं मशिन. चांगला मुहूर्त बघून चालू केलं त्या दिवशी. पेढे वाटले होते. जुनं फार थकलं होतं."

पल्लवीनं कप खाली ठेवला. चहाला तोंडही लावलं नव्हतं. "मला धनराजचा नंबर द्या."

"त्या चोराचा?" मयूर म्हणाला.

"चोराचाच द्या."

धनराज आता नांदगावला मोबाइलचं दुकान चालवत होता. मागे कुणीतरी रिंगटोन वाजवून बघत होतं.

"काय हरवलं आता?" त्यानं विचारलं. "माझ्यावरच आलं असणार. काका बरे आहेत ना? ओरडतायत म्हणजे बरेच आहेत."

"तुमच्यावर काही नाही आलं," पल्लवी म्हणाली. हे पुरतं खरं नव्हतं, पण लवकरच होणार होतं, अशी तिची खात्री होत चालली होती. "एवढंच सांगा. नवं मशिन लावलंत तेव्हा पत्ता कोणता दिलात?"

"जुन्याचाच. काकांची अटच होती. पत्ता तोच, पासवर्ड तोच, म्हणजे केंद्रावरच्या पोरींना काही बदलावं लागायला नको. जुनं बंद करून माळ्यावर टाकलं आणि नव्यानं त्याची गादी घेतली. तेव्हा पाठ थोपटली होती माझी. का, काय झालं?"

"जुन्याचा पत्ता बदलून ठेवला होता?"

पलीकडची रिंगटोन थांबली. "बंद मशिनचा पत्ता कशाला बदलू ताई? कोण चालू करणार होतं ते?"

५

पल्लवीनं फोन ठेवला. ओम मोहिनीच्या खांद्यावरून तिच्याकडे बघत होता. काका, मयूर, मोहिनी, तिघंही तिच्याकडे बघत होते.

"कुणीही चोरी केलेली नाही," ती म्हणाली. "ललिता विसरलेली नाही, धनराज आत शिरलेला नाही. ऐका. नांदगावचा मुलगा हा नव्या मशिननं मोजलेलं पहिलं बाळ. जुन्यानं जिथे मोजणं थांबवलं, त्याच्या पुढचा क्रमांक त्याला मिळाला. बरोबर?"

"बरोबर," मयूर म्हणाला.

"आता समजा, जुनं मशिन झोपेतून उठलं. मधले महिने गेले हे त्याला काय ठाऊक? तेही थांबलं होतं तिथूनच पुढे मोजणार. म्हणजे त्याचं पहिलं बाळ आणि नव्याचं पहिलं बाळ..."

"एकाच क्रमांकाची," मोहिनी पुटपुटली.

"म्हणून ललिताला पावसाळा दिसला नाही. पावसाळ्यात ते झोपलेलं होतं. दोन्ही मशिनांचा पत्ता एक. एकाच घरक्रमांकाची दोन घरं असावीत आणि पोस्टमननं ज्यानं आधी दार उघडलं त्याला पत्र देऊन मोकळं व्हावं, तसं चाललंय. केंद्रं जुन्या नेटलाइनवरून येतात, मला मयूरनं नवी दिली. दोन पोस्टमन, दोघांनी वेगवेगळं दार पकडलेलं. लाइट गेली की जुन्या लाइनचा नेटचा डबा बंद पडतो, आली की तो पुन्हा नव्यानं दार शोधतो. आणि इन्व्हर्टर म्हातारा झालेला नाही. त्याच्यावर ओझं वाढलंय."

"पण मॅडम, जुनं माळ्यावर आहे!" मयूर म्हणाला.

पल्लवी काकांकडे वळली. आवाज शक्य तितका मऊ ठेवला. "काका, नवीन काही आणलं नाही, हे तुम्ही खरंच सांगितलंत. जुनं काही खाली आणलंत का?"

काकांचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"खंडेनवमीला," ते म्हणाले. "यंत्रांची पूजा असते ना. संस्था सुरू झाली त्या दिवसापासून ते मशिन चाललं. इतकी बाळं त्याच्या पोटातून गेली. म्हटलं, नव्याला झेंडू घालायचा आणि ह्यानं माळ्यावर धूळ खायची, हे काही बरं नाही. खाली आणलं, पुसलं, कुंकू लावलं. बंद यंत्राची कसली पूजा करायची, म्हणून चालू केलं. वायरी आधी जशा होत्या तशा लावल्या, मला माहीत होत्या. आणि दसऱ्याला पुजलेलं लगेच बंद कसं करायचं? म्हटलं, राहू दे दिवाळीपर्यंत. शेजारी शेजारी बरे दिसत होते दोघं."

काकांनी किल्ली खिशातून काढली. मग मयूरनं काकांच्या हातातून किल्ली घेतली, खोलीचं दार उघडलं आणि सरळ आत घुसला.

खोलीत उदबत्तीचा वास कोंडला होता. दोन मशिनं, दोघांच्या कपाळी कुंकू, दोघांवर वाळून करपलेले झेंडू. दोन्हीकडे हिरवे दिवे लुकलुकत होते. मयूर वाकला आणि जुन्याच्या विजेच्या वायरीला हात घातला.

"मयूर, थांब!"

पल्लवी इतक्या जोरात ओरडली की ओम दचकून रडायला लागला.

"त्याच्यात बाळाची नोंद आहे. इतकी जुनी डिस्क, एकदा बंद पडली तर पुन्हा उठेल याचा काय भरवसा? वीज राहू दे. फक्त नेटची वायर काढ. हळूच."

मयूरनं हात मागे घेतला. मग दोन बोटांनी, फुलपाखरू धरावं तशी, निळी वायर काढली.

६

जुन्या मशिनला पडदा जोडला, तो क्रमांक टाकला, आणि एवढ्या वेळाच्या शोधाला न शोभेल इतक्या निमूटपणे नोंद समोर आली.

आई भाग्यश्री, वडील बुधा. गाव पेठ तालुक्यातलं, डोंगरातलं. सध्या मुक्काम चांदवडकडे, द्राक्षबागांच्या छाटणीसाठी. फोन पुंजाराम मुकादमाचा.

त्याच्याखाली आणखी बाळं होती. दसऱ्यापासून जुन्या मशिनमध्ये येऊन पडलेली. मोहिनी एकेक क्रमांक जुळवत गेली आणि प्रत्येकापुढे "ही बरी, हाही बरा" म्हणत राहिली.

पल्लवीनं फोन लावला. बराच वेळ वाजला.

"कोन?"

"पुंजारामदादा का? चिमणपाऊल संस्थेतून बोलतेय. तुमच्या टोळीतल्या भाग्यश्रीच्या बाळाबद्दल बोलायचं होतं."

"हां हां. इकडची छाटणी उरकली, उद्या सकाळी दुसऱ्या मळ्यावर निघायचं हाय आमाला. बाळाला काय झालं? बाळ लय गुणाचं हाय बाई. असं बाळच पाहिलं नाय. रडत नाय, दूध मागत नाय. दिसभर निजूनच ऱ्हातं. आई खुशाल काम करती."

 मोहिनीच्या कडेवर ओम अजून संतापून रडत होता, आणि तो आवाज पल्लवीला आयुष्यात इतका गोड कधीच वाटला नव्हता.

"दादा," ती म्हणाली, "ते गुणाचं नाही हो. ते आजारी आहे. औषध आहे त्याच्यावर, साधं, फुकट मिळेल. पण उद्या दुसऱ्या मळ्यावर नका जाऊ. उद्या सकाळी त्यांना इकडे घेऊन या."

 टोळीचा एक दिवस मोडणं ही लहान गोष्ट नव्हती.

"मळेवाल्याशी मी बोलतो," जयरामकाका एकदम म्हणाले आणि त्यांनी फोन पल्लवीच्या हातातून घेतला. "पुंजाराम, मी जयरामकाका. चूक माझी हाय. गाडी मी पाठवतो. तू फक्त त्यांना तयार ठेव. दादा, तुझ्या पाया पडतो." एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला असं बोलताना त्या खोलीत कुणी कधी ऐकलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर त्यांनी लगेच दुसरा लावला. चांदवडला. बाहेर गॅलरीत जाऊन, पाठ करून ते बराच वेळ ललिताशी बोलले. आत आले तेव्हा चष्मा पुसत होते.

"काय म्हणाली?" मोहिनीनं विचारलं.

"म्हणाली, काका, बाळ किती वाजता पोचतंय ते सांगा."

सकाळी गाडी आली. भाग्यश्री उतरली, वीसेक वर्षांची, छाटणीनं बोटं चिरलेली. मागोमाग तिची सासू भागीबाई, पदराखाली बाळ. डॉक्टरांनी बाळ तपासलं, पुन्हा रक्त घेतलं. टाचेला सुई लागली तेव्हा बाळानं तोंड वाकडं केलं आणि घोगरा, बारीकसा आवाज काढला.

"वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. "आजपासून गोळी सुरू करू."

मोहिनीनं गोळी चमच्यात चुरली, भाग्यश्रीनं त्यात दुधाचे थेंब पिळले, आणि भागीबाईनं करंगळीच्या टोकानं ते बाळाच्या जिभेला लावलं.

"रोज द्यायची?" भाग्यश्रीनं विचारलं.

"रोज. एकही दिवस चुकवायचा नाही."

"छाटणीला गेलं तरी?"

"कुठेही गेलीस तरी. गोळ्या तुझ्या मुकादमाकडे पोचवायचं आम्ही बघू."

"आमी म्हनत होतो, काय शांत बाळ हाय," भागीबाई हळू आवाजात म्हणाली. "कौतुक करीत होतो आमी त्याचं." पल्लवीनं तिच्या हातावर हात ठेवला. 

मोहिनी नव्या मशिनसमोर बसली. बाळाची नोंद आता कायमची इथे करायची होती, नव्या क्रमांकानं, दुसऱ्या कुणाचाही नसलेल्या. "बाळाचं नाव?"

भाग्यश्रीनं सासूकडे बघितलं. "अजून ठिवलं नाय. काम उरकल्यावर गावाला जाऊन ठिवनार होतो."

"मग आईच्या नावानं लिहू?"

"थांब गं," भागीबाई म्हणाली. तिनं बाळ उचललं, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी पुटपुटली. मग सरळ होऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गोजरा. लिव्ह. माझ्या आईचं नाव हाय."

मोहिनीनं लिहिलं. पल्लवीनं चांदवडला फोन लावला.

"ललिता, उघड. दिसतंय?"

"गोजरा. दिसतंय ताई."

"बंद कर. पुन्हा उघड."

"दिसतंय."

"पुन्हा."

"ताई, हाय ती. हाय," ललिता म्हणाली, आणि तरीही तिनं पुन्हा उघडलं.